लग्नाचे फोटो काढताना जोडप्याची गोष्ट कुठे सापडते?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी कराडची. लग्नांचे फोटो काढणं हाच माझा पूर्णवेळचा व्यवसाय. कराड, सातारा, सांगली, कोल्हापूर हा माझा पट्टा, अधूनमधून पुण्याचीही कामं असतात. तुळशीची लग्नं लागली की आमची धावपळ सुरू होते ती आषाढापर्यंत. चातुर्मासात एडिटिंग, अल्बम आणि राहिलेल्या पैशांसाठी फोन. सध्या तेच चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हल्ली चौकशीचा फोन आला की पहिलंच वाक्य असतं, 'मॅडम, आम्हाला आमची स्टोरी हवीय.' स्टोरी म्हणजे नेमकं काय हवंय असं विचारलं, की मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ येतो. त्यात डोंगरकडा, रंगीत धूर, वाऱ्यावर उडणारा लांबलचक घोळाचा गाऊन. दिसायला सगळं सुंदर असतं. पण त्यात ती दोघं कोण, कुठली, कुणाची, हे काहीच कळत नाही. तीच फ्रेम दुसऱ्या जोडप्याला लावली तरी चालून जाते.

गोष्ट फोटोग्राफरनं रचायची नसते असं माझं ठाम मत झालंय. ती त्या घरात आधीपासून असते, आपण विचारून घ्यायची. आणि कुठला विधी कधी, कुठे, कुणाच्या हातून होणार हे माहीत असेल तर ती कॅमेऱ्यासमोर येतेच. म्हणून ऑर्डर पक्की झाली की मी एकदा दोन्ही घरी जाऊन येते, शक्यतो केळवणांच्या दिवसांत. तेव्हा कॅमेरा बाहेर काढत नाही. चहा घ्यायचा, बसायचं, विचारायचं. मुलीला बोहल्यावर आणणारा मामा कोणता? आजी-आजोबांपैकी कोण आहे, कोण नाही? लांबून येणारं कोण आहे? कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे? हा शेवटचा प्रश्न मी हमखास विचारते, आणि उत्तर आईच देते, तेही स्वयंपाकघरात.

एक उदाहरण देते, घरच्यांना विचारून लिहितेय. मुलीचे वडील काही वर्षांपूर्वी गेलेले. मी विचारलं, हळद कोण लावणार? आई म्हणाली, 'पाच सवाष्णी लावतील की. मी लांबून बघीन.' मुलगी तिथेच बसली होती. ती म्हणाली, 'पहिली हळद आई लावणार, नाहीतर मी पाटावर बसणार नाही.' शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, नंतर सरकारनंही परिपत्रक काढलं, हे सगळ्यांनी वाचलं असेलच. आमच्या भागात त्याची बरीच चर्चा झाली. पण ठराव होणं वेगळं आणि भरल्या मांडवात आपल्या आईचा हात धरून तो गालाला लावून घेणं वेगळं.

मला हे आधी कळलं होतं म्हणून हळदीच्या दिवशी मी नवरीच्या समोर उभी राहिलेच नाही. समोर उभी राहिले असते तर नेहमीचा पिवळा चेहरा आणि आईची पाठ एवढंच मिळालं असतं. मी नवरीच्या मागे, तिच्या खांद्याच्या उंचीवर बसले, ३५ एमएमची लेन्स लावून. आई आली, बोटं वाटीत बुडवली आणि हात मध्येच थांबला. तिनं आपल्या जावेकडे बघितलं. जाऊबाई नुसत्या मान हलवून 'हं' म्हणाल्या. मग मुलीनं मनगट धरून हात ओढून घेतला. या सगळ्याला चार-पाच सेकंद लागले असतील. त्यांच्या अल्बममध्ये या प्रसंगाला दोन पूर्ण पानं आहेत आणि डोंगरकड्यावरचा एकही फोटो नाही.

या व्यवसायातल्यांनी, लग्न झालेल्यांनी, ठरलेल्यांनी, सगळ्यांनी लिहा. तुमच्याकडे काय अनुभव?

सुमेधा_नाशिक

अगदी मनातलं लिहिलंस ताई. माझं लग्न गेल्या वर्षी झालं. आमच्या फोटोग्राफरनं (नाव लिहीत नाही) हार घालायचा प्रसंग पुन्हा पुन्हा करायला लावला. 'सर, जरा स्लो. मॅडम, सरांकडे बघा. आता हसा.' शेवटी हार घालणं हा एक कार्यक्रमच होऊन बसला. खरा पहिल्यांदा घातला तेव्हा माझे हात थरथरत होते आणि नवऱ्याची मुंडावळी हारात अडकली होती, ती सोडवताना आम्ही दोघं खूप हसलो. तो फोटो माझ्याकडे नाही. हुकमावरचे सगळे आहेत.

जुना_स्टुडिओ

मी मिरजेत तीसेक वर्षं स्टुडिओ चालवला, आता मुलगा बघतो. धागा वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्या वेळी १२० चा फिल्मचा रोल असायचा, यॅशिका कॅमेऱ्यावर त्यात १२ फोटो निघायचे. नंतर ३५ एमएमचा रोल आला, त्यात ३६. लग्नाच्या घरून आधीच सांगून यायचे, 'दोन रोलच्या वर जाऊ नका.' त्यामुळे प्रत्येक फोटो कुणाचा हे आधी ठरलेलं असे. पण कृष्णाकाठची म्हणतात ती गोष्ट आम्हाला वेगळी विचारावी लागत नसे. गावातलाच फोटोग्राफर असायचा. मुलीच्या आईचं लग्न मीच काढलेलं, मुलीचं बारसं मीच काढलेलं. कोणता काका रुसून मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहणार हे मला तिच्या घरच्यांपेक्षा आधी माहीत. आता शंभर किलोमीटरवरून टीम येते, त्यांना कोण कुणाचं कसं कळणार? ते विचारून घेतात हे उत्तमच आहे.

एक मात्र सांगतो. ग्रुप फोटोंना नावं ठेवू नका. आमच्याकडे आजही लोक जुन्या निगेटिव्ह शोधायला येतात, ते कसला फोटो मागतात? मांडवात सगळं घर उभं आहे तो. कारण त्यातली निम्मी माणसं आता नाहीत.

कृष्णाकाठची

@जुना_स्टुडिओ, काका, शंभर टक्के मान्य. स्टेजवरचे ग्रुप मी कधीच टाळत नाही. उलट दोन्ही घरांकडून एकेक माणूस मागून घेते. घरातलं जरा मोठ्या आवाजाचं, सगळ्यांना ओळखणारं. 'बेळगावच्या आत्या वर या' अशी हाक त्यानं मारायची. आम्ही 'नेक्स्ट फॅमिली' म्हणून ओरडलो तर कुणी येत नाही.

@सुमेधा_नाशिक, वाचून वाईट वाटलं. हार घालायच्या वेळी कुणी मोबाइलवर क्लिप घेतली असेल तर मैत्रिणींकडे, भावंडांकडे विचारून बघ. मुंडावळी अडकलेली फ्रेम त्यातून काढता येईल. मोठा प्रिंट होणार नाही, पण छोटा छान येईल.

कोथरूडचा_कोडर

छान धागा. मी आयटीत आहे, दोनेक वर्षं हौसेनं फोटो काढतो, मित्रांची लग्नं काढली आहेत. आता याकडे गंभीरपणे वळायचा विचार आहे. दोन प्रश्न. अंतरपाटाच्या वेळी नक्की कुठे उभं राहायचं? मला दर वेळी एकाचाच चेहरा मिळतो. आणि हॉलमधल्या लाइटचं काय करायचं? फोटोवर आडवे काळे पट्टे येतात.

कृष्णाकाठची

@कोथरूडचा_कोडर, अंतरपाटाला एकट्यानं काम घेऊच नकोस. दोघं हवेत, एक नवऱ्याच्या खांद्यामागून नवरीवर, दुसरा त्याच्या उलट. एकटाच असशील तर अंतरपाटाच्या रेषेत, स्टेजच्या कडेला उभा राहा. तिथून दोघंही बाजूनं दिसतात, मध्ये कापड. चेहरे पूर्ण मिळत नाहीत, पण दोघांची अवस्था एकाच फ्रेममध्ये मिळते. एक मान खाली घालून, दुसरा टाचा उंचावून पलीकडे बघायच्या बेतात. मागे मामाचे हात तिच्या खांद्यांवर. मंगलाष्टकं सुरू होण्याआधीच जागा धर. शेवटच्या 'सावधान'ला वाजंत्री, अक्षता आणि सगळ्यांचे मोबाइल एकदम येतात, तेव्हा हलायला जागाच उरत नाही. आणि अंतरपाट दूर झाल्यावरचे पहिले दोन सेकंद सोडू नकोस. हार नंतर. आधी नजर.

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडे ५० हर्ट्झचा पुरवठा, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवलं तर पट्टे बहुतेक जातात. पण स्टेजमागची एलईडी भिंत वेगळ्या गतीनं चालते, तिच्यासमोर दोन-तीन शटर आधी तपासून बघावी लागतात. अक्षता हवेत थिजलेल्या हव्या असतील तर १/५०० लागेल आणि पट्टे परत येतील. तिथे फ्लॅश वापर. पण छत बघून. पांढऱ्या छतावरून उडवलेला फ्लॅश सुंदर पडतो. लाल-केशरी कापडी मांडव असेल तर तोच उजेड केशरी होऊन चेहऱ्यावर येतो आणि हळदीचा रंग दुरुस्त करता करता एडिटर रडकुंडीला येतो.

आणि लेन्सपेक्षा आधी दोन कार्डांचा कॅमेरा घे. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो गेला पाहिजे. लग्न परत लागत नाही.

पळीपंचपात्र

मी पौरोहित्य करतो, नगर जिल्ह्यात. आमची बाजूही मांडतो.

फोटोग्राफर मंडळींचा राग येतो तो फोटो काढतात म्हणून नाही. मुहूर्ताची घटिका भरत आलेली असते आणि 'गुरुजी, एक मिनिट' चालू असतं म्हणून येतो. होमाच्या वेळी अग्नी आणि वधूवर यांच्या मध्ये पाय पडू नये, चपला मांडवाबाहेर असाव्यात, कलशावर कॅमेऱ्याचा पट्टा लोंबू नये, एवढं पाळलं तरी आम्ही वाटेल ती मदत करतो. माझ्याकडे एक मुलगा येतो, तो आदल्या दिवशी फोन करून क्रम विचारून घेतो. पुण्याहवाचन किती वाजता, लाजाहोम कुठल्या बाजूला बसून, कानपिळीला मुलीचा सख्खा भाऊ आहे की चुलत. त्याला मी स्वतःहून खूण करतो, 'आता बघ हं.' त्याचे फोटो बघा, होमाच्या धुरातही चेहरे स्वच्छ. कारण वारा कुठून आहे हे त्यानं विचारलेलं असतं.

कृष्णाकाठची

गुरुजी, नमस्कार. तुमचा प्रतिसाद माझ्या टीमला वाचायला देणार आहे.

तुमच्यामुळे आठवलं म्हणून लिहिते, गौरीहराबद्दल. नवरी पिवळी साडी नेसून आतल्या खोलीत गौरीहरापुढे एकटी बसते, अन्नपूर्णेवर थोड्या थोड्या अक्षता वाहत. त्याच वेळी बाहेर नवरदेव दारात आलेला असतो, बँड, फटाके, नाच, आणि सगळे कॅमेरे तिकडे पळतात. आत ती आणि फार तर एक धाकटी बहीण. सकाळपासून लोकांनी वेढलेली ती मुलगी पहिल्यांदा एकटी असते. कुणी शांत बसलेली असते, कुणाला रडू येतं. एका मुलीनं मला विचारलं होतं, 'ताई, मी इथून पळून गेले तर?' आणि मग स्वतःच हसत अक्षता वाहायला लागली.

मी त्या वेळी नवरीकडेच थांबते, वरातीला सहकारी जातो. बाई असल्यामुळे मला त्या खोलीत जाता येतं, हा माझा मोठा फायदा आहे. तिथे फ्लॅश नाही, सूचना नाही. खिडकी असेल तर घरच्यांना आधीच सांगून ठेवते की गौरीहर खिडकीजवळ मांडा. फार तर सात-आठ फोटो काढते आणि बाहेर येते. तिचा एकटेपणा मोडायचा नसतो.

बालाघाट

बीडहून. आमच्याकडची गोष्ट वेगळी आहे, सांगायला पाहिजे. अर्धा तालुका ऊस तोडायला जातो, दिवाळीच्या आसपास गावं रिकामी होतात ती कारखान्यांचे पट्टे पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत. माणसं परत आली की लग्नं. त्यामुळे वैशाखात एकेका दिवशी इतकी लग्नं की फोटोग्राफर मिळत नाही. बजेट थोडं, मांडव उन्हातला, मुहूर्त भर दुपारचा. डोळे काळे पडतात, नाकाची सावली ओठावर.

पण गोष्ट म्हणाल तर अशी गोष्ट कुठे मिळणार नाही. एका लग्नात नवरा-नवरी दोघांचे आईबाप एकाच टोळीतले, एकाच कारखान्यावर शेजारी शेजारी कोप्या (राहायच्या झोपड्या). पोरं लहानपणापासून दर हिवाळ्यात सोबत. मी त्यांचा एकच फोटो जरा ठरवून घेतला. ज्या बैलगाडीतून ऊस ओढला तिच्या जुवापाशी दोघं उभे, अंगावर हळदीचेच कपडे. गाडी मी आणलेली नव्हती, दारातच होती. नवरीचा बाप म्हणला, 'गाडीचा कशाला काढता, लाज वाटती.' अल्बम आल्यावर त्यानंच तो मोठा करून मागितला.

चौकट_बदल

व्हिडिओवाला आहे, ठाण्यात. मुद्दे पटले, पण प्री-वेडिंगला, म्हणजे लग्नाआधीच्या त्या डोंगरकड्यावरच्या शूटला, इतकं झोडपू नका. ठरवून केलेल्या लग्नांत मुलगा-मुलगी चार-पाच वेळा भेटलेले असतात, तेही कुणाच्या तरी सोबत. शूटच्या दिवशी पहिल्यांदा दोघं सलग आठ-दहा तास एकत्र असतात. सकाळी हात धरायला लाजणारी जोडी संध्याकाळी एका ताटात वडापाव खाते, हे मी कित्येकदा बघितलंय. लग्नाच्या दिवशी कॅमेऱ्याची भीती गेलेली असते, हाही फायदा. फोटो कुठेही काढा, त्या दिवसाचा त्यांना उपयोग होतो.

कृष्णाकाठची

@चौकट_बदल, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता आणि तो पटला. माझा आक्षेप उसन्या जागेला आणि उसन्या कपड्यांना आहे, त्या दिवसाला नाही. तो दिवस मुलीच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये घालवा, मुलाच्या द्राक्षबागेत घालवा. बालाघाटांनी जुवापाशी जे केलं तेच. दादा, तो फोटो शब्दांतूनच दिसला.

साधं_लग्न

आमचं डिसेंबरमध्ये नोंदणी पद्धतीनं आहे, आंतरजातीय. हॉल नाही, विधी नाहीत, संध्याकाळी घरी जेवण. घरचे म्हणतात फोटोग्राफर कशाला, सह्याच तर करायच्या. अशा लग्नात काढण्यासारखं काही असतं का?

कृष्णाकाठची

@साधं_लग्न, भरपूर असतं! विशेष विवाह कायदा १९५४ चा. त्यात आधी नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर विवाह. नुसत्या सह्या नसतात. दोघांनी एकमेकांना उद्देशून 'मी तुझा पती किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो, करते' हे मोठ्यानं म्हणायचं असतं, कायद्यातच तसं आहे. गडबडीत लोक ते पुटपुटून मोकळे होतात. तुम्ही नीट, एकमेकांकडे बघून म्हणा. माझ्या मते तोच तुमचा अंतरपाट. कार्यालयात फोटोची परवानगी आधी विचारून ठेवा.

आणि ते तीन साक्षीदार कोण? अशा लग्नात त्यांचीच गोष्ट मोठी असते. कुणी घर मिळवून दिलेलं असतं, कुणी आईवडिलांची समजूत काढलेली असते. त्यांचे वेगळे, निवांत फोटो काढून घ्या.

थोडा विधी हवासा वाटला तर सत्यशोधक पद्धत बघा. १८७३ मध्ये जोतीरावांनी समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुरोहिताशिवाय पहिलं लग्न लागलं. त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. अशी लग्नं मी काढली आहेत. नवरी स्वतः मोठ्यानं म्हणत असते तेव्हा समोरच्या रांगेतल्या बायकांचे चेहरे बघायचे, कॅमेरा आपोआप तिकडे वळतो.

मांडवीकाठ

गोव्यातून वाचतेय. आमच्याकडे कॅथलिक शेजाऱ्यांकडे लग्नाच्या आदल्या दिवशी रोस असतो, नारळाचा रस अंगाला लावून न्हाऊ घालतात, नातेवाईक आणि शेजारी एकामागून एक येऊन. आपल्या हळदीचीच बहीण म्हणा. फोटोंसाठी चर्चपेक्षा रोसच मोकळा, कारण चर्चमध्ये अल्टारजवळ फिरायला सहसा मनाई असते, पाद्री आधीच बजावतात. आणि इथे आधी सिव्हिल नोंदणी, तीही दोन वेळा सह्या करून. त्या सह्यांना सहसा कुणी फोटोग्राफर नेत नाही. साधं_लग्न यांना दिलेलं उत्तर वाचून वाटलं, न्यायला हवा.

वकीलबाई

एक व्यवहाराची गोष्ट, कारण धाग्यावर दोन्ही बाजूंचे लोक आहेत. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक कोण? कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर ज्यानं पैसे देऊन काढायला सांगितलं तो. म्हणजे लग्नघर. फोटोग्राफरनं ते स्वतःच्या पानावर टाकायचे तर लेखी परवानगी घ्यावी. हक्क स्वतःकडे ठेवायचे असतील तर तसा लेखी करार आधी करावा. हेरवाडच्या उल्लेखाखाली लिहिलेल्या प्रसंगासारखे खासगी क्षण असतील तर परवानगी त्या एकेका फोटोची घ्यावी, सरसकट नको.

व्हिडिओवाल्यांसाठी: लग्नात, वरातीत गाणी वाजवायला कलम ५२ मध्ये सूट आहे. तेच गाणं फिल्मला जोडून इंटरनेटवर टाकणं त्या सुटीत धरून चालू नका.

कोथरूडचा_कोडर

खूपच उपयोगी चर्चा. ताई, तुळशीच्या लग्नानंतर तुमच्यासोबत एखाद्या लग्नाला सहायक म्हणून येऊ का? मानधन नको.

कृष्णाकाठची

@वकीलबाई, आभार. मी परवानगी तशीच एकेका फोटोची घेते, हे लिहायचं राहिलं होतं.

@कोथरूडचा_कोडर, जरूर ये, पण मानधन घ्यायचंच. फुकट राबायची सवय या धंद्यात कुणी लावू नये आणि लावूनही घेऊ नये. मार्गशीर्षात वडूजजवळ एक लग्न आहे, दोन दिवसांचं. आदल्या दिवशी सकाळीच पोच, देवक बसवायच्या आधी. पहिला दिवस तू नवऱ्याच्या आजोबांसोबत राहायचंस. त्यांना ऐकू कमी येतं, पण सगळं गाव त्यांना ओळखतं आणि ते सगळ्या गावाला. नावं लिहून घे. काढायला-घालायला सोपे बूट, जास्तीच्या बॅटऱ्या आणि लेन्स पुसायला दोन कोरडी सुती फडकी आण. हळदीत एक भिजतंच. वेळ मिळेल तसं पंगतीत बसून जेवून घ्यायचं, विहिणीच्या पंगतीला मात्र आपण उभे. नंबर निरोपातून पाठव.